सव्वादोनची बांगडी

भिवाजींच्या छातीत आजवर तीनदा दुखले होते, आणि तिन्ही वेळा ते मोठ्या सोयीने दुखले होते.

पहिल्यांदा दुखले ते एस.टी.त कंडक्टर असताना, दूरच्या आगारात बदली झाल्याचा कागद हाती पडला त्या दुपारी. दुसऱ्यांदा, सामाईक विहिरीतला गाळ काढायला धाकट्या भावाने त्यांचे नाव घेतले त्या सकाळी. ही दोन दुखणी मेडशीत अजून चवीने सांगितली जात, आणि ती ऐकताना भिवाजी स्वतःही मिशीत हसत. तिसऱ्या दुखण्याविषयी मात्र घरात कोणी बोलत नसे. गेल्या हिवाळ्यात अनसिंगहून स्नेहासाठी स्थळ आले, तेव्हा स्नेहा सोळा वर्षांची होती. तिचे आईबाप चाकणच्या कंपनीत. पोरगी आजी-आजोबांच्या हवाली. लिलाबाई म्हणाल्या, पोरीची बारावी होऊ द्या. पण मुलगा वाशिमला ट्रॅक्टरच्या दुकानात नोकरीला होता, घर ओळखीचे होते, आणि भिवाजींना फेटा बांधून नातीच्या लग्नात मिरवण्याची घाई झाली होती. त्यांनी छातीवर डावा हात ठेवला, खाटेवर अंग टाकले आणि नातीचे लग्न पाहून डोळे मिटू द्या, असे क्षीण आवाजात म्हटले. महिन्याभरात लग्न लागले. डोळे काही मिटले नाहीत. पंगतीत त्यांनी सहा जिलब्या खाल्ल्या.

सहावी जिलबी लिलाबाईंनी पाहिली. त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

त्यामुळे घरात शांतता नांदत होती, असे मात्र नाही. दारातल्या गोठ्यात काळी नावाची शेळी बांधलेली असे, आणि गेले अकरा महिने त्या दोघांचा सगळा संसार तिच्यामार्फत चालला होता. "काळे, सांग त्याइले, तूर फुलावर आली, फवारणी कोण करीन?" असे लिलाबाई शेळीला विचारत. भिवाजीही शेळीकडेच पाहून उत्तर देत, "काळे, उद्या करतो म्हणा." शेळी रवंथ करी आणि दोघांचेही ऐकून घेई. इतकी समंजस मध्यस्थ त्या घराण्याला चार पिढ्यांत लाभली नव्हती.

आज त्या अंगणात स्नेहाची ओटी भरायची होती. सातवा महिना सरत आला होता. तिच्या आईबापांना चाकणहून रजा मिळाली नव्हती. अनसिंगची मंडळी सकाळीच गाडी करून तिला घेऊन आली होती. ओसरीवर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण-पंचशील झाले, आणि हिरवी साडी नेसलेली स्नेहा पाटावर बसली. येणारी प्रत्येक बाई तिचा चेहरा पाहून म्हणत होती, "पोट्टी कशी भरली व!" भिवाजींनाही ती भरलेली दिसली. गाल फुगीर, पापण्या जड, पाय पाटाच्या कडेवर उशीसारखे ठेवलेले. सासरी सुखात आहे, असे त्यांनी स्वतःला सांगितले. गेले अकरा महिने ते स्वतःला हेच सांगत आले होते, आणि सांगून झाल्यावरही कुठेतरी काहीतरी टोचत राही. तेवढे एक दुखणे मात्र त्यांचे खरे होते.

पुरणपोळीचे ताट आले. स्नेहाने पहिली पोळी संपवली, दुसरी वाढायला लिलाबाई वाकल्या, तोच तिच्या सासूने ताटावर आडवा हात धरला. पंचफुलाबाई हाडापेराने मजबूत बाई. त्यांचा हात आडवा आला की बैलगाडीही थांबली असती.

"बस झालं, इहीनबाई. सातव्यानंतर कमीच खाऊ द्यावं. बाळ मोठं झालं म्हणजे सुटका कठीण जाते."

"अवो, पण खाणारी तरी कुठं मोठी झाली?" लिलाबाई म्हणाल्या. "तिचंच अंग वाढून राह्यलं अजून. ते कोण वाढवीन?"

"आमच्याकडं असंच चालते."

"अन् आमच्याकडं पयलं बाळंतपण मायेरी होते. पोरगी इथंच राहीन आता."

"ते नाई जमणार." पंचफुलाबाई गोड हसल्या. "आमच्या अनसिंगातली दाई हाये, तिचे हात लई हलके. तिले सांगून ठेवलं मी."

"दवाखाना?"

"दवाखाना कायले? बिमार हाये का पोरगी?"

पाहुण्या बायकांनी या प्रश्नावर एकमेकींकडे पाहिले आणि पुरणपोळीकडे लक्ष वळवले. संघदीप, स्नेहाचा नवरा, गाडीमागून मोटारसायकलवर आलेला, खांबाला टेकून उभा होता. बावीस वर्षांचा, अबोल, दुकानात ट्रॅक्टरची किंमत सांगतानाही लाजणारा मुलगा. त्याने आईकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, आणि शेवटी जमिनीकडे पाहणे त्याला सर्वांत सुरक्षित वाटले.

तेवढ्यात बांगड्यावाली सितारा आली. डोक्यावर पेटी, काखेत पिशवी, तोंडात बडीशेप. वाशिमची ही मनियारीण तीस वर्षे आठवडी बाजार करत आली होती. मेडशीपासून अनसिंगपर्यंतच्या बायकांची तोंडे ती विसरे. मनगटे विसरत नसे. कोणाचा हात सव्वादोनचा, कोणाचा अडीचचा, हे तिला पेटी न उघडताच ठाऊक असे.

"आन बेटी, हात आन," ती स्नेहासमोर मांडी घालून बसली. "तुले तं डोळे मिटून भरते मी. सव्वादोन. लग्नातही सव्वादोन, मागच्या महिन्यात अनसिंगच्या बाजारात भरल्या तवाही सव्वादोन."

तिने स्नेहाचा पंजा हातात घेतला, अंगठा आत दुमडला, आणि पहिली हिरवी बांगडी सरकवली. बांगडी बोटांच्या मुळाशीच अडली. सिताराने साबण लावला. बांगडी तिथेच. तिने पेटीतून अडीचची काढली. तीही हाडांवर येऊन थांबली. बायका हसल्या.

"सितारा, तुझा अंदाज चुकला गं पयल्यांदा!"

सितारा हसली नाही. तिने अंगठ्याने स्नेहाच्या मनगटावर दाबले आणि बोट उचलले. दाबलेल्या जागी खड्डा पडला होता आणि तो भरून यायला तयार नव्हता. हे सारे भिवाजींनी ओसरीवरून पाहिले, कारण त्या क्षणी त्यांची नजर नातीच्या हातावरच होती. बांगडी कधी चढते आणि किणकिण कधी होते, याची ते वाट पाहत होते.

"माल संपला," सिताराने पेटी बंद केली.

"अवो, पेटी तं भरून हाये तुमची!" पंचफुलाबाई म्हणाल्या.

"हिच्या मापाचा संपला. नंतर भरीन."

"ओटीच्या दिवशी रिकामे हात? असं कसं चालीन?"

"चालीन," एवढेच बोलून सितारा उठली आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने सरळ शेळीच्या गोठ्याकडे गेली. जाताना तिने भिवाजींकडे असे पाहिले, की ते आपोआप तिच्या मागे निघाले.

"चाचा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "एका महिन्यात हात दोन मापं वाढत नाई. मेदानं तं नाईच नाई. हे पाणी हाये. माझ्या बहिणीची पोरगी नाजिश आठवते? तिच्याही बांगड्या अशाच अडल्या होत्या. मीच भरून राह्यली होती. आमी हसलो, माप बदललं म्हणलं, साबण लावून ढकलल्या. पंधराव्या दिवशी तिले झटके आले. बाळंतपणाच्या आधीच. त्या बांगड्या दवाखान्यातल्यांनी कापून काढल्या, चाचा. सतरा वर्षांची होती."

भिवाजींनी शेळीच्या पाठीवर हात ठेवला.

"आजच न्या," सितारा म्हणाली. पेटीतून तिने सव्वादोनची एकच बांगडी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "ही ठेवा. सूज उतरन तवा ही सरळ चढन. माझं माप खोटं बोलत नाई."

माणसाने आयुष्यात एकदा तरी सरळ मार्गाने जाऊन पाहावे, म्हणून भिवाजी आधी सरळ मार्गाने गेले. त्यांनी पंचफुलाबाईंना आणि संघदीपला घराच्या मागे, कडुनिंबाखाली नेले आणि जे ऐकले ते सांगितले.

पंचफुलाबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. पण लगेच त्यांनी पदर सावरला. "पोटुशीचे हातपाय सुजतातच, याहीबुवा. माझेही सुजले होते."

"डोकं दुखते म्हणत होती ती परवा," संघदीप जमिनीला उद्देशून म्हणाला.

"तू चूप. उन्हानं दुखलं असन."

"इहीनबाई, एकदा दाखवून आणू. नुसतं दाखवून."

"अन् वय इचारलं तं?" पंचफुलाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "दवाखान्याच्या कार्डावर एकोणीस लिवलं हाये. चेहऱ्यावर सतरा लिवलं हाये. पयल्या तपासणीतच ती सिस्टर माझ्याकडं कशी पाहून राह्यली होती! दुसऱ्यांदा गेलो, तं शाळेचा दाखला मांगला. म्हून मी तिसऱ्यांदा नेलंच नाई. मोठ्या दवाखान्यात कळलं तं केस होते. माझ्या पोराले नेतीन. तुमाले नेतीन. बाजूच्या गावातल्या दोन पोट्ट्यांवर अशीच केस झाली, ते ऐकलं नाई का तुमी?"

हे सारे खरे होते, आणि भिवाजींना ते सर्वांत आधी कळायला हवे होते. कारण कार्डावर एकोणीस लिहून घेण्याची युक्ती त्यांचीच होती. स्नेहाच्या गरोदरपणाच्या नोंदणीच्या दिवशी ते स्वतः अनसिंगच्या दवाखान्यात गेले होते आणि कंडक्टरकीच्या तीस वर्षांत मुलांचे अर्धे तिकीट काढणाऱ्या आयांकडून शिकलेले सगळे कसब त्यांनी त्या टेबलासमोर पणाला लावले होते. फरक एवढाच, की त्या आया वय कमी सांगत आणि त्यांनी ते वाढवून सांगितले होते.

"ओटी झाली, आमी निघतो," पंचफुलाबाई म्हणाल्या. "ऊन उतरायच्या आत अनसिंग गाठाचं हाये."

अंगणात परत येताना भिवाजींनी नातीकडे पाहिले. रिकाम्या हातांनी ती पाटावर बसली होती, डोळे किलकिले करून, जणू समोरच्या उजेडात तिला काहीतरी टोचत होते. लहानपणी शाळा बुडवायची असली की ती पोट धरून बसे आणि मग हळूच एक डोळा उघडून आजोबा हसतात का ते पाही. हे सोंग तिने कोणाकडून उचलले होते, हे साऱ्या घराला ठाऊक होते. आज ती सोंग करत नव्हती.

भिवाजी ओसरीच्या मधोमध आले. त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिले. मग डावा हात छातीवर ठेवला.

चौथ्यांदा.

"आई गं," ते म्हणाले, आणि खांबाला धरत धरत, पाहुण्यांची चटई बरोबर खाली येईल अशा बेताने, आडवे झाले.

अंगणात गलका उडाला. कोणी पाणी आणले, कोणी कांदा आणला. स्नेहा पाटावरून उठून "आबा! आबा!" करत आली. पंचफुलाबाई मनापासून घाबरल्या. भिवाजींनी एक डोळा किंचित उघडून पाहिले आणि तो लगेच मिटून घेतला. कारण गर्दीच्या मागे लिलाबाई कमरेवर हात ठेवून शांतपणे उभ्या होत्या. तिन्ही दुखणी त्यांनी जवळून पाहिलेली होती. त्यांच्या तोंडून एक वाक्य निघाले असते, तर भिवाजींना त्याच चटईवर उठून बसावे लागले असते आणि अनसिंगची गाडी सुरू झाली असती.

लिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. मग स्नेहाच्या उघड्या मनगटाकडे. मग गोठ्यापाशी पेटी घेऊन थांबलेल्या सिताराकडे. तिने होकारार्थी मान हलवली.

"काळे व माय!" लिलाबाईंनी असा टाहो फोडला, की शेळीनेही दचकून मान वर केली. "पाह्य व, कसा काळानिळा पडला माणूस! पयल्या झटक्यातून वाचला, दुसऱ्यातून वाचला, तिसऱ्यातून वाचला, आता नाई वाचत! अरे, एकशे आठले फोन लावा कोणी!"

भिवाजी थक्क झाले. इतकी वर्षे आपणच या घरातले मोठे कलावंत, असा त्यांचा समज होता.

वीस मिनिटांत गाडी दारात आली. गाडीतला तरुण डॉक्टर म्हणाला, सोबत एकच माणूस. भिवाजींनी स्नेहाचा पंजा घट्ट धरला होता, आणि ते तो सोडेनात. "मले... माझी नात... तिचा हात सुटला तं मी गेलो समजा."

"मरणाऱ्या माणसाची इच्छा हाये बाप्पा!" लिलाबाईंनी पंचफुलाबाईंना ऐकू जाईल असे डॉक्टरांना सांगितले.

"माझी सून जाईन तिथं मी जाईन," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि कोणी काही बोलायच्या आत गाडीत चढून बसल्या. त्यांना उतरवण्याची ताकद त्या डॉक्टरमध्ये नव्हती. संघदीपने मोटारसायकलला किक मारली.

मेडशीची वळणे मागे पडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांची तूर वाऱ्यावर डुलत होती. डॉक्टरने भिवाजींच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली आणि भुवई वर केली.

"आबा, दुखतंय कुठे?"

"इथं. नाई, इथं. फिरतं दुखणं हाये."

"एकशे तीस, ऐंशी. या वयात लोकांना हेवा वाटावा असा रक्तदाब आहे तुमचा."

"मंग तुमचं यंत्र बिघडलं असन," भिवाजी क्षीण आवाजात म्हणाले.

"यंत्र ठीक आहे."

"असं कसं? एका माणसावर कसं कळन? हिच्या हाताले लावून पाहा. तरणी पोरगी हाये. हिचं बरोबर निघालं, तं मानतो तुमचं यंत्र."

डॉक्टर हसला. म्हाताऱ्याची समजूत काढायला म्हणून त्याने पट्टा स्नेहाच्या दंडाला बांधला. हवा भरली, सोडली. हसू गेले. पुन्हा भरली, पुन्हा सोडली, या वेळी सावकाश.

"ताई, डोकं दुखतं का?"

"दोन दिवसांपासून," स्नेहा म्हणाली.

"डोळ्यांसमोर काही दिसतं?"

तिने सासूकडे पाहिले. मग आजोबांकडे. "काजवे चमकतात. दिवसाही."

"एकशे बहात्तर, एकशे सोळा," डॉक्टर स्वतःशीच पुटपुटला आणि पुढच्या काचेवर टकटक केली. "दादा, सरळ वाशिम. मधे कुठेच थांबू नका." मग तो भिवाजींकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर आता सारे काही समजल्याची छटा होती. "आबा, उठता? ती जागा हिला लागेल."

भिवाजी टुणकन उठले. नातीला डाव्या कुशीवर निजवायला त्यांनी मदत केली आणि समोरच्या अरुंद बाकावर पंचफुलाबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

गाडीचा भोंगा वाजू लागला.

"छातीचं काय झालं?" पंचफुलाबाईंनी विचारले.

"राह्यलं."

"कवा?"

"आताच."

"नाटक्या बुढा," त्या म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता. त्यांची नजर सुनेच्या बंद पापण्यांवर होती. मालेगाव मागे पडल्यावर त्या हळू आवाजात बोलू लागल्या. "माझं लगन झालं तवा मी चौदाची होती, याहीबुवा. पाच झाले. दोन गेले. माझं वय कोणी इचारलंच नाई, कार्डावर नाई अन् घरातही नाई. मले वाटलं असंच असते." मग त्यांनी एकदम भिवाजींचा हात धरला. "तिथं एकोणीसच सांगा. पाया पडतो तुमच्या. एकच पोरगा हाये माझा."

खिशातली बांगडी भिवाजींना छातीशी टोचत होती.

वाशिमच्या दवाखान्यात स्नेहाला आत नेले. भिवाजी रुग्ण म्हणून आले होते, म्हणून त्यांनाही एका कर्मचाऱ्याने धरून नेले, छातीवर गार गोळे चिकटवले आणि यंत्रातून एक लांब कागद काढला. तो पाहून कर्मचारी म्हणाला, "बाबा, तुमचं काळीज तिशीतल्या माणसाचं आहे. घरी जा." भिवाजींना किंचित अपमान झाल्यासारखे वाटले. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

ते परत आले तेव्हा प्रसूती विभागाच्या दारात एक मध्यमवयीन डॉक्टरबाई स्नेहाचे कार्ड उलटसुलट करत उभ्या होत्या. संघदीप हेल्मेट छातीशी धरून भिंतीला टेकला होता.

"सात महिन्यांत दोनच तपासण्या?" बाईंनी विचारले. "वय एकोणीस. बरोबर?"

"एकोणीस," पंचफुलाबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी कार्डावरून नजर उचलली. "हे पाहा. वय कितीही असो, उपचार होणारच आहेत, ते थांबणार नाहीत. पण कोवळ्या वयात पहिलं बाळंतपण असलं, की ही दुखणी जास्त होतात, आणि अंगावर एकदम येतात. कार्डावर खरं वय असतं, तर त्यावर जोखमीचा लाल शिक्का पडला असता, दर आठवड्याला कोणीतरी तिचा रक्तदाब पाहिला असता. अजून दोन दिवस गेले असते, तर झटके आले असते. मग मी तुम्हाला काहीच विचारलं नसतं. परत विचारते. वय?"

पंचफुलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी भिवाजींकडे पाहिले. तीस वर्षे भिवाजींनी गर्दीत उभे राहून खोटे बोलणारी माणसे ओळखली होती. त्या माणसांच्या ओठांवर खोटे येण्याआधी एक क्षणभर जे थरथरते, ते आज त्यांना स्वतःच्या ओठांवर जाणवले. छातीवर हात ठेवून खाली बसावे, असा मोह त्यांना झाला. जवळच खाटही होती.

"सतरा," ते म्हणाले. "सतरा वर्षं अन् पाच महिने. कार्डावरचं एकोणीस मी सांगितलं होतं. लग्नाची घाई मी केली. हिच्या बापाची नाई, ह्या बाईचीही नाई. लिवून घ्या. नाव भिवाजी."

"याहीबुवा!"

"माय, राहू दे," संघदीप म्हणाला. आपला आवाज इतका स्पष्ट निघू शकतो, याचे त्याचे त्यालाच आश्चर्य वाटलेले दिसले. "माझंही लिवा. मले माहीत होतं. नववीचा तिचा फोटो पाहून मी हो म्हणलं होतं."

डॉक्टरबाईंनी कार्डावरच्या एकोणीसवर आडवी रेघ मारली, शेजारी सतरा लिहिले आणि आत वळता वळता म्हणाल्या, "चौकीत कळवावं लागेल मला. तो माझा नियम आहे. पण आधी हिचं इंजेक्शन."

पंचफुलाबाई मटकन बाकावर बसल्या. त्या ओरडतील, असे भिवाजींना वाटले. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि आतल्या सिस्टरला म्हणाल्या, "बाई, तिले खायाले काय चालीन? सकाळपासून एकाच पोळीवर हाये ती. मीच उचलली दुसरी."

संध्याकाळच्या एस.टी.ने लिलाबाई आल्या. सगळे ऐकून घेतले. नवऱ्याच्या खिशातून डोकावणारा कागद त्यांनी न विचारता उपसून घेतला, सिस्टरकडून त्याचा अर्थ समजावून घेतला आणि तो पुन्हा घडी करून स्वतःच्या पिशवीच्या तळाशी ठेवला. बोलल्या मात्र नाहीत.

पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया करून बाळ काढावे लागले. मुलगी, एक किलो सहाशे ग्रॅम. ती काचेच्या पेटीत मुठी आवळून निजली, इतकी बारीक, की पंचफुलाबाई काचेबाहेर उभ्या राहून कितीतरी वेळ आपले रुंद हात एकमेकांत चोळत राहिल्या. सुनेला कमी कोणी खाऊ घातले होते, हे त्यांना कोणी म्हणाले नाही. रोज सकाळी अनसिंगहून पहिल्या बसने त्या शिरा घेऊन येऊ लागल्या आणि सून तो संपवीपर्यंत पोलिसासारख्या समोर बसून राहू लागल्या.

दवाखान्यातल्या एकोणिसाव्या दिवशी दुपारी स्नेहा खाटेवर टेकून बसली होती. गालांचा फुगीरपणा ओसरला होता, आणि त्याखालून तिचा तो जुना, शाळेतला, लहान चेहरा वर आला होता. तो पाहून भिवाजींना हायसे वाटले आणि त्याच क्षणी लाजही वाटली. त्यांनी खिशातून सव्वादोनची बांगडी काढली. तिच्यावर तंबाखूचा एक कण चिकटला होता. तो त्यांनी धोतराला पुसला.

"आन, हात आन," ते म्हणाले.

"तुमाले जमते का आबा?"

"तीस वर्षं चालत्या गाडीत तिकिटं फाडली मी."

बांगडी अंगठ्यापाशी आली, क्षणभर थबकली, आणि मग सुळकन मनगटावर उतरली. तिच्यावर वाजायला दुसरी नव्हती, म्हणून तिचा आवाज झाला नाही. स्नेहा मात्र हसली, एक डोळा किंचित मिटून.

दारातून लिलाबाई डबा घेऊन येत होत्या. त्यांनी नातीचा हात पाहिला. मग त्यांची नजर नवऱ्याच्या शर्टाच्या खिशावर गेली. खिशात पोलीस ठाण्याचा कागद होता. शुक्रवारी सकाळी अकराला भिवाजींनी आणि संघदीपने जबाबासाठी हजर राहायचे होते. तो आल्यापासून भिवाजींना नीट जेवण जात नव्हते, आणि सकाळपासून दोनदा त्यांचा डावा हात नकळत शर्टाच्या गुंड्यांपर्यंत गेला होता. दोन्ही वेळा लिलाबाईंनी तो पाहिला होता.

त्या आजूबाजूला पाहू लागल्या. समोर दुसऱ्या खाटेवरची बाळंतीण झोपली होती, सिस्टर औषधांच्या कपाटात डोके घालून उभी होती, खिडकीत एक रिकामा स्टूल होता. या दवाखान्यात शेळी नव्हती.

लिलाबाईंनी डबा खाली ठेवला, पिशवीच्या तळाशी हात घालून तो घडी केलेला लांब कागद वर काढला आणि तो भिवाजींच्या नाकासमोर धरला. मग जवळजवळ वर्षभराने त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिले.

"शुक्रवारी मीही येतो तुमच्या संगं," त्या म्हणाल्या. "अन् आइका. शुक्रवारी छातीत दुखवून घ्याचं नाई."